ऑफ-रोड गाडीत सीबी रेडिओ बसवला, त्याची गोष्ट

आमच्या ऑफ-रोड गटाने जानेवारीत फतवा काढला, की यापुढे ताफ्यात यायचं तर गाडीत रेडिओ हवा. कारण सगळ्यांना माहीत होतं. डोंगरात मोबाइलला रेंज नसते, पुढची गाडी वळणाआड गेली की तिने कुठली चाकोरी धरली ते मागच्याला कळत नाही, आणि मागे कोणी रुतलं तर पुढच्यांना ते बऱ्याच उशिरा समजतं. फतव्यात पुढे एवढंच होतं, "सीबी घ्या." (सीबी म्हणजे सिटिझन्स बँड, सामान्य लोकांना आपसांत बोलायला दिलेला रेडिओचा पट्टा.) कोणता घ्यायचा, अँटेना कुठे लावायची, परवाना लागतो का, हे विचारायला गेले तर जितकी तोंडं तितके सल्ले. माझं काम मार्चअखेर पूर्ण झालं. ज्यांना आता हे सगळं सुरू करायचंय त्यांच्यासाठी क्रमाने लिहून ठेवते. मी इंजिनिअर नाही. गाडीचा फ्यूज बदलता येतो, इतपतच माझी विजेशी ओळख.

पहिला आठवडा रेडिओ बघण्यात गेलाच नाही. आधी हे नक्की केलं, की मला बोलायचंय कोणाशी. हा प्रश्न बाळबोध वाटेल, पण सगळं इथेच ठरतं. पारंपरिक सीबी २७ मेगाहर्ट्झच्या आसपास चालतो. ऑस्ट्रेलियातले ऑफ-रोडवाले ज्याला सीबी म्हणतात तो बहुतेक वेळा यूएचएफ, म्हणजे बऱ्याच वरच्या फ्रिक्वेन्सीचा असतो, ४७७ मेगाहर्ट्झजवळचा, ८० चॅनलचा, आणि तिथे फोर-व्हील-ड्राइव्हवाल्यांचा ताफा साधारणपणे चॅनल १० वर भेटतो. अमेरिकेत बरेच गट जीएमआरएस या तिथल्या यूएचएफ रेडिओसेवेकडे वळलेत. त्याला परवाना लागतो, पण परीक्षा नसते. युरोपात हातातल्या वॉकीटॉकीसाठी पीएमआर ४४६ आहे, अर्ध्या वॅटचा. यातला एक प्रकार दुसऱ्याशी बोलू शकत नाही. तुमचा गट यूएचएफवर असेल तर जगातला सर्वांत भारी २७ मेगाहर्ट्झचा सेटही तुमच्या गाडीत मुका बसणार. आमच्या गटात जुने लोक जास्त, त्यांच्या गाड्यांत सीबी आधीपासून, त्यामुळे माझा प्रश्न सुटला. तुम्ही नव्याने गट उभा करत असाल, तर सीबीच घ्यावा असा माझा मुळीच आग्रह नाही. यूएचएफची अँटेना आटोपशीर असते आणि आवाज स्वच्छ येतो. सीबीच्या बाजूने बोलायचं तर बहुतेक ठिकाणी परवाना नाही, सेट साधे, आणि अनोळखी गाडीतही तो सापडण्याची शक्यता बरी.

मग नियम. वाचायला कंटाळा आला, पण वाचले ते बरं झालं. ढोबळ चित्र असं: अमेरिकेत ४० चॅनल, २६.९६५ ते २७.४०५ मेगाहर्ट्झ. १९७७ च्या आधी २३ च चॅनल होते. पॉवर एएमवर ४ वॅट, सिंगल साइडबँडवर १२ वॅट (एएम, एफएम, साइडबँड या तरंगावर आवाज चढवण्याच्या वेगवेगळ्या पद्धती), आणि वैयक्तिक परवान्याची अट १९८३ मध्ये निघाली. एफएमला परवानगी मात्र अगदी अलीकडे, २०२१ मध्ये मिळाली. युरोपात उलटं: तिथे एफएम आधीपासून, एएम आणि साइडबँड नंतर, ब्रिटनने ते २०१४ मध्ये खुले केले. भारतात २००५ च्या नियमांनी २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झ हा पट्टा ५ वॅटपर्यंत परवानामुक्त आहे. आता चॅनलचा तक्ता उघडून बघा. चॅनल २७ म्हणजे २७.२७५, आणि चॅनल २८ म्हणजे २७.२८५. म्हणजे चाळीस चॅनलचा सेट तिथे वापरला तर २८ पासून वरचे सगळे चॅनल हद्दीबाहेर पडतात. डबीवर "४० चॅनल" छापलेलं असतं म्हणून चाळीसही आपले, असं नसतं. आपापल्या देशाचा तक्ता काढून घ्यायचा आणि चॅनलच्या आकड्याऐवजी फ्रिक्वेन्सी बघायची.

याच वाचनात आणखी एक गोष्ट कळली. बाजारात "दहा मीटर" म्हणून विकले जाणारे दणकट सेट असतात, दिसायला सीबीसारखेच, पॉवर कितीतरी जास्त. ते हॅम, म्हणजे हौशी रेडिओच्या परवानाधारकांच्या पट्ट्यासाठी असतात, आणि आतला एक जंपर (छोटी जोडणी) बदलला की सीबीवर चालतात, असं विकणाराच हळूच सांगतो. ते बेकायदा आहे. नियम बाजूला ठेवले तरी गणित जमत नाही. समोरच्याच्या मीटरवर सिग्नल एक एस-युनिट, म्हणजे जोराचा एक आकडा, वाढवायला पॉवर चौपट लागते. चारची आठ वॅट केली तर समोरच्याला फरक जेमतेम जाणवतो. तोच पैसा अँटेनाच्या जागेवर घातला तर फळ जास्त मिळतं.

हे मला पटवलं आमच्या गटातल्या एका काकांनी. ते हॅम ऑपरेटर आहेत. मी त्यांना सेटची यादी दाखवायला गेले, तर यादी न बघताच म्हणाले, "आधी गाडी दाखव."

गाडीभोवती फिरून त्यांनी जे सांगितलं ते थोडक्यात असं. २७ मेगाहर्ट्झची तरंगलांबी ११ मीटर. चांगली गाडीवरची अँटेना तिच्या पाव लांबीची हवी, म्हणजे पावणेतीन मीटर, नऊ फूट. अशी अँटेना मिळते, १०२ इंचांचा स्टीलचा चाबूक आणि खाली सहा इंचांची स्प्रिंग. उघड्या वाळवंटात ती राजासारखी. झाडीत मात्र ती प्रत्येक फांदीशी भांडते. म्हणून आखूड अँटेनामध्ये तार गुंडाळून लांबीची भरपाई करतात, आणि जितकी आखूड तितकं नुकसान. शिवाय अँटेना हा अर्धाच भाग. उरलेला अर्धा भाग म्हणजे गाडीचा धातूचा सांगाडा. तो नीट जोडला गेला नाही तर अँटेना लंगडी. माझ्या गाडीचं छप्पर फायबरचं. तिथे लोहचुंबकी बेस चिकटणारही नाही आणि खाली धातूही नाही. म्हणजे सगळ्यांत उत्तम मानली जाणारी जागा, छपराचा मध्य, पहिल्याच फटक्यात बाद.

उरलेल्या जागा आम्ही एकेक करून तपासल्या. मागचा बंपर: जोडायला सोपा, पण अँटेनाचा बराचसा भाग गाडीच्या पाठीला चिकटून समांतर उभा राहतो, शिवाय दगडाला घासून बेस तुटायची भीती. स्टेपनीचा ब्रॅकेट: खूप जणांच्या गाड्यांवर हाच दिसतो, पण तो दारावर बसतो, दार बिजागऱ्यांवर, आणि बिजागऱ्यांत रंग आणि ग्रीस. बॉनेटच्या बाजूचा कोपरा: धातू भरपूर, केबल आखूड लागते, पण काच आणि अँटेना एकमेकांच्या समोर येतात आणि मला समोरच्या दृश्यात हलती काठी नको होती. शेवटी मागचा डावा कोपरा निवडला, टेललॅम्पच्या वर, जिथे बॉडीचा पत्रा जाड आहे. चार फुटांची फायबरग्लासची अँटेना, जिची गुंडाळी वरच्या टोकाकडे दाट असते. असल्या अँटेनाचं काम मुख्यतः वरचा भाग करतो, आणि माझ्या गाडीत तो छपराच्या दीड फूट वर राहतो. कोपऱ्यात अँटेना लावली की सिग्नल सगळीकडे सारखा जात नाही. गाडीचा धातू जिकडे जास्त पसरलाय तिकडे तो जोरात जातो. मागच्या डाव्या कोपऱ्यातून म्हणजे पुढे उजवीकडे. ताफ्यात मी मध्ये असते, मला चालण्यासारखं होतं. सगळ्यांत पुढे राहणाऱ्याने याचा विचार करावा, कारण त्याला बोलायचं असतं ते मागच्यांशी.

फेब्रुवारी उजाडला आणि मग कुठे सेट निवडायला घेतला. तोवर यादी आपोआप लहान झाली होती. माझ्या डॅशबोर्डवर जागा मुळात कमी. मोठे पारंपरिक सेट, कोब्रा २९ सारखे, ट्रकच्या केबिनमध्ये शोभतात. माझ्या गाडीत तो गिअरच्या दांड्याला लागला असता. दुसऱ्या टोकाला कोब्रा ७५ सारखे सेट, ज्यांची सगळी बटणं हातातल्या माइकमध्येच असतात आणि खोका सीटखाली लपवता येतो. जागेच्या दृष्टीने हे फारच सोयीचं. पण गटातल्या एकाच्या गाडीत बसून वापरून पाहिलं तेव्हा लक्षात आलं, की खड्ड्यांतून जाताना एका हातात स्टिअरिंग धरून त्या छोट्या बटणांवर आवाज कमी-जास्त करणं मला जमत नाही. मला गोल फिरवायच्या खुंट्या हव्या होत्या, न बघता हाताला सापडतील अशा. हा पूर्णपणे माझ्या हातांचा प्रश्न. तुम्ही दोन्ही प्रकार कोणाच्या तरी गाडीत, गाडी हलत असताना, वापरून बघा. दुकानाच्या काउंटरवर सगळेच सेट चांगले वाटतात.

बाकी निकष सांगते. पॉवर सगळ्या मंजूर सेटमध्ये सारखीच असते, त्यामुळे जाहिरातीत वॅट वाचत बसायचं नाही. स्क्वेल्च हवाच, तो सगळ्यांत असतो. कोणी बोलत नसताना होणारी खरखर तो बंद ठेवतो. आरएफ गेन (येणारा सिग्नल किती उचलायचा ते ठरवणारी खुंटी) वेगळा मिळाला तर घ्यावा, कारण ताफ्यात गाड्या अगदी जवळ असतात आणि शेजारच्या गाडीचा सिग्नल इतका जोरात येतो की आवाज फाटतो. गेन कमी केला की निवळतो. नॉइज ब्लँकर आणि एएनएल ही बटणं इंजिनाच्या कटकटीसाठी. एएमबरोबर एफएम असेल तर उत्तम. एएमवर दोन जण एकदम बोलले की शिट्टीसारखा आवाज येतो आणि कोणाचंच कळत नाही. एफएमवर ज्याचा सिग्नल जोरात तो ऐकू येतो. मात्र सगळ्यांनी एकाच मोडवर असायला हवं. साइडबँड मी घेतला नाही. लांबचं बोलायला तो खरोखर चांगला, पण सूर जुळवायला क्लॅरिफायरची खुंटी फिरवत बसावं लागतं आणि आमच्या गटात तो कोणी वापरत नाही. हवामानाचे चॅनल असलेले सेट महाग असतात. ते उत्तर अमेरिकेतल्या प्रसारणासाठी असतात, बाकीच्यांना त्या बटणाचा उपयोग नाही. मी शेवटी लहान आकाराचा, एएम-एफएम, पुढच्या बाजूला माइकचं सॉकेट असलेला सेट निवडला. सॉकेट बाजूला असलं तर अरुंद खाचेत वायर दुमडते. मॉडेलचं नाव मुद्दाम देत नाही, कारण तो तुमच्याकडे मंजूर असेलच असं नाही.

आणि इथून सुरू झाली ती वाट बघणं. सेट परदेशातून मागवला होता. पार्सल सीमाशुल्क खात्यात अडकलं आणि पत्र आलं: रेडिओ प्रक्षेपण करणारं उपकरण आहे, मंजुरीचा दाखला आणि मूळ बिल सादर करा. बिल होतं. दाखला विक्रेत्याकडून पीडीएफमध्ये मागवला, पाठवला, पुन्हा पत्र. दाखल्यावरचा मॉडेल नंबर आणि डब्यावरचा नंबर यांत शेवटच्या एका अक्षराचा फरक होता. ते अक्षर फक्त रंगाचं होतं, असं विक्रेत्याने लेखी दिलं, मग गाडी पुढे सरकली. फेब्रुवारीचे तीन आठवडे यात गेले, वर जकात आणि गोदामाचं भाडं. चिडचिड झाली, पण समोरच्या माणसाच्या जागी मी असते तर मीही तेच विचारलं असतं. बाहेरून मागवणार असाल तर ऑर्डर देण्याआधीच विक्रेत्याकडून मंजुरीचा दाखला मागून घ्या, त्यावरचं नाव अक्षरन् अक्षर जुळतंय का बघा, आणि सेटच्या मागच्या लेबलचा फोटोही मागा. जो विक्रेता हे द्यायला टाळाटाळ करतो त्याच्याकडून घेऊ नका.

वाट बघण्याच्या काळात अँटेनाचं काम उरकलं. ब्रॅकेट जिथे बसणार तिथला रंग खरवडून पत्रा उघडा केला. नव्या रंगावर पॉलिश पेपर फिरवताना जीव कासावीस झाला हे कबूल करते, पण रंग हा विजेसाठी भिंतच. दातेरी वॉशर, नटबोल्ट, वरून गंज न लागण्यासाठी ग्रीस, आणि ब्रॅकेटपासून चासीपर्यंत विणलेल्या तांब्याची रुंद पट्टी. मग मल्टिमीटरने ब्रॅकेट आणि बॅटरीचं निगेटिव्ह यांच्यातला रोध मोजला, अर्ध्या ओहमपेक्षा कमी आला. काकांनी लगेच बजावलं, की हा फक्त प्राथमिक दाखला आहे, रेडिओच्या फ्रिक्वेन्सीला अर्थिंग कसं वाटतं ते एसडब्ल्यूआर मीटर, म्हणजे अँटेनाकडून किती पॉवर परत फिरते ते दाखवणारा मीटरच सांगेल. दुसरी तपासणी जास्त महत्त्वाची: केबल जोडल्यावर मधली तार आणि बाहेरची जाळी कुठे एकमेकांना टेकत नाहीत ना. स्टडच्या (अँटेना ज्यावर बसते त्या बोल्टच्या) खालचा प्लॅस्टिकचा वॉशर उलटा बसला की नेमकं हेच होतं.

केबलवरून आमच्या गटात जुना वाद आहे. सीबीची केबल अठरा फुटांचीच हवी असं निम्म्या लोकांचं मत. काका म्हणाले, अँटेना नीट जुळलेली असेल तर ५० ओहमच्या केबलची लांबी कितीही चालते. लांबी बदलल्यावर मीटरचा आकडा बदलत असेल तर केबलच अँटेनाचं काम करतेय, म्हणजे अर्थिंगमध्ये खोट आहे. मला ते पटलं आणि मी लागेल तेवढीच केबल घेतली, आरजी-५८ जातीची, आत बारीक तारांचा गाभा असलेली, कारण एकाच जाड तारेचा गाभा सततच्या हादऱ्यांनी तुटतो. नऊ फूट-दहा फूट केबलमध्ये या फ्रिक्वेन्सीला नुकसान नगण्य. केबल दाराच्या फटीत चिमटू देऊ नका. मी पत्र्याला भोक पाडून रबरी ग्रोमेट बसवला. जादा केबल उरलीच तर तिचं घट्ट वेटोळं करू नका, सैल मोठ्या वळणात ठेवा.

अँटेनाखाली स्प्रिंग घ्यायची की नाही यावरही दोन मतं ऐकली. झाडीत जाणार असाल तर घ्याच. फांदी बसली की अँटेना वाकते आणि ब्रॅकेट वाचतो. फार मऊ स्प्रिंग घेतली तर हमरस्त्यावर अँटेना मागे झोपते आणि सिग्नल झोके खातो, म्हणून कडक घ्या. आणि स्प्रिंगने लांबी वाढते, त्यामुळे जुळवणी स्प्रिंग बसवल्यावरच करायची.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात सेट हातात आला. वायरिंग मी ऑटो इलेक्ट्रिशियनकडून करून घेतलं, शेजारी उभं राहून. सिगरेट लायटरच्या सॉकेटमधून वीज घेणं सोपं, पण खडखडाटात प्लग निसटतो आणि त्या वायरिंगमधून गाडीचा सगळा आवाज रेडिओत येतो. बॅटरीवरून थेट दोन वायरी घेतल्या, पॉझिटिव्हवर बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज. फ्यूज रेडिओजवळ ठेवला आणि मधे वायर घासून पत्र्याला लागली तर तो फ्यूज काही वाचवत नाही. नव्या गाड्यांत बॅटरीच्या निगेटिव्ह टोकावर करंट मोजणारा सेन्सर असतो. अशा वेळी निगेटिव्ह वायर सेन्सरच्या पलीकडे, चासीच्या बाजूला जोडायची. चार वॅटचा सेट बोलताना दोनेक अँपियर घेतो, फार नाही, पण रात्रभर चालू राहिला तर बॅटरी बसवू शकतो. म्हणून किल्लीवर चालणारा रिले टाकला. एक सूचना मोठ्या अक्षरात लिहावी अशी: अँटेना जोडलेली नसताना माइकचं बटण दाबायचं नाही, गंमत म्हणूनसुद्धा नाही. सेटचा शेवटचा ट्रान्झिस्टर जळतो.

एसडब्ल्यूआर जुळवणीला मी सगळ्यांत जास्त घाबरले होते, आणि तेच सगळ्यांत सोपं निघालं. मीटर विकत घेऊ नका, गटात कोणाकडे तरी असतोच. गाडी मोकळ्या मैदानात उभी करायची, भिंती आणि विजेच्या तारांपासून दूर, दारं बंद, आणि कोणीही अँटेनाजवळ उभं राहायचं नाही. रेडिओ आणि अँटेनाची केबल यांच्यामध्ये मीटर जोडायचा. मीटर "फॉरवर्ड"वर ठेवून बटण दाबायचं, काटा टोकाला आणायचा, मग "रिफ्लेक्टेड"वर खटका टाकून आकडा वाचायचा. बटण काही सेकंदच दाबायचं आणि आधी ऐकून घ्यायचं, की त्या चॅनलवर कोणी बोलत नाहीये. चॅनल १, १९ आणि ४० वर मोजतात, किंवा तुमच्या परवानगीचा पट्टा लहान असेल तर त्याच्या दोन टोकांवर आणि मध्ये. माझे पहिले आकडे १.८, २.२ आणि २.८. वरच्या चॅनलला आकडा जास्त असेल तर अँटेना लांब आहे, खालच्या चॅनलला जास्त असेल तर आखूड. सगळीकडे तीनच्या वर असेल तर अँटेनाला हात न लावता अर्थिंग आणि केबल तपासायची. माझ्या अँटेनाच्या टोकाला जुळवणीचा स्क्रू आहे. तो थोडा थोडा आत घेत गेले, दर वेळी तिन्ही चॅनल मोजत. शेवटी १.५, १.३ आणि १.६ वर थांबले. १.५ ला परत फिरणारी पॉवर ४ टक्के असते, २ ला ११ टक्के, ३ ला २५ टक्के. म्हणजे १.३ चं १.१ करायला दुपार घालवण्यात अर्थ नाही. काकांनी मला मीटर काढून गाडीत बसायला लावलं.

खरी कटकट नंतर निघाली. इंजिन बंद असताना रेडिओ शांत. चालू केलं की नॉइजने काटा वर. गाडीतलं एकेक उपकरण बंद करत गेले. फोनचा स्वस्त यूएसबी चार्जर काढल्याबरोबर निम्मी खरखर गेली. छपरावरचा एलईडी लाइटबार बंद केल्यावर उरलेलीतली बरीचशी. चार्जर बदलला, लाइटबारच्या वायरवर आणि रेडिओच्या वीजवायरवर फेराइटचे क्लिप (वायरीतली खरखर गिळणारे चिमटे) बसवले, वायरीचे दोन-तीन वेढे घालून. नुसता अडकवलेला क्लिप फारसं काही करत नाही. इंजिनाची टकटक नॉइज ब्लँकरने ऐकण्यालायक केली, ती पूर्ण गेलेली नाही आणि मी आता तिच्या मागेही नाही.

मार्चअखेरच्या सहलीत पहिल्यांदा वापरला. निघण्यापूर्वी सगळ्या गाड्यांची रेडिओ चाचणी घेतली, शेवटच्या गाडीपासून पुढे. चॅनल ९ सोडून द्यायचा, तो अनेक ठिकाणी आणीबाणीसाठी राखलेला. चॅनल १९ वर अमेरिकेत ट्रकवाले असतात. आमचा ठरलेला चॅनल आणि गर्दी झाली तर दुसरा, असे दोन्ही प्रत्येकाने डॅशबोर्डवर चिकटवले होते. बोलायची पद्धत मला अर्ध्या तासात जमली: बटण दाबून अर्धा सेकंद थांबायचं, नाहीतर पहिला शब्द कापला जातो, माइक तोंडापासून दोन-तीन इंच, थोडा तिरका, आधी ज्याला हाक मारायची त्याचं नाव, मग आपलं. "खड्डा डावीकडे, उजवीची चाकोरी धर" असं लहान वाक्य. लांबलचक बोलत राहिलं तर मधे कोणाला "थांबा" म्हणता येत नाही.

पल्ल्याबद्दल फार आशा ठेवू नका. कड्यावर उभ्या असलेल्या दोन गाड्या कित्येक किलोमीटर सहज बोलल्या. त्यातलीच एक गाडी घळीत उतरली तेव्हा किलोमीटरभराच्या आतच आवाज तुटू लागला. मग मधल्या गाडीने निरोप पुढे-मागे पोहोचवले, आणि ते काम बहुतेक माझ्याकडे आलं. दुपारी चॅनलवर अचानक भलत्याच भाषेतले आवाज उमटले, आमच्या शेवटच्या गाडीपेक्षाही स्पष्ट. सूर्यावरची हालचाल वाढलेली असली की २७ मेगाहर्ट्झचे तरंग आयनोस्फिअर या वातावरणातल्या उंच थरावरून परतून हजारो किलोमीटर जातात. २०२४ च्या आसपास सौरचक्र शिखरावर होतं, त्यामुळे अलीकडे हे वरचेवर होतं. आम्ही ठरवलेल्या दुसऱ्या चॅनलवर गेलो. गटात ज्यांच्याकडे एफएम आहे त्यांनी त्या दिवसापासून एफएमचा हट्ट धरलाय.

खर्चाचा हिशेब मांडला तर सेटला गेले तेवढेच पैसे अँटेना, ब्रॅकेट, स्प्रिंग, केबल आणि तांब्याच्या पट्टीला मिळून गेले. त्यावर इलेक्ट्रिशियनची मजुरी आणि जकात. बजेट ठरवताना सेटच्या किमतीची दुप्पट धरा, आणि हात आखडता घ्यायचाच तर सेटवर घ्या. वापरलेला सेट चालतो, वापरलेली केबल नको.

परत आल्यावर गाडी धुताना अँटेनाच्या टोकाचा स्क्रू सैल झालेला दिसला. त्याचं लॉकनट आता आवळलंय, आणि दर सहलीनंतर ब्रॅकेटचे बोल्ट बघायचे असं ठरवलंय, कारण तिथे पाणी शिरलं तर उघडा केलेला पत्रा गंजेल आणि एसडब्ल्यूआर हळूहळू चढेल. सेटचा स्पीकर खालच्या बाजूला आहे, इंजिनाच्या आवाजात तो पुरत नाही. मागे ३.५ मिलिमीटरचं सॉकेट आहे, तिथे बाहेरचा स्पीकर जोडून तो कानाच्या उंचीवर लावायचाय. तेवढं पुढच्या महिन्यात.